उत्तर धार, एकट्याने

२ एप्रिल
आज कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं. मे महिन्यात शिखर चढणार. तेही उत्तर धारेने, जिथे वर्षाला जेमतेम दहा माणसं जातात. मेहुणा गेल्या साली चढला तो नेहमीच्या वाटेने. त्या वाटेवर म्हणे रेलिंगसुद्धा आहे. त्याचा फोटो मात्र आमच्याच हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. टायपिस्ट बाईंनी वय विचारलं. चोपन्न, पण शरीराने चाळीस, असं सांगितलं. त्यांना ठसका लागला.

३ एप्रिल, सकाळी ६
संकल्प. रोज पाच किलोमीटर. साखर बंद. लिफ्ट बंद.

३ एप्रिल, सकाळी ६.१५
परत आलो. नवे बूट आधी घरात घालून सैल करावेत, असं दुकानदार म्हणाला होता. घाईत चुका होतात.

८ एप्रिल
बूट सैल होतायत. जेवतानाही घालतो. सौ. म्हणाली, की तिसऱ्या मजल्यावर येताना तुम्ही दुसऱ्यावर शेजाऱ्यांकडे पाणी प्यायला थांबता, आधी ते बघा. तिला समजावलं, की मोठे गिर्यारोहक टप्प्याटप्प्यानेच चढतात. ती भाजी चिरत राहिली.

१६ एप्रिल
घात झाला. साहेबांनी नोटीस बोर्डावर लावलं. ‘आपल्या रेकॉर्ड सेक्शनचे हेडक्लार्क, उत्तर धार, एकट्याने.’ ‘एकट्याने’ हे मी कधी म्हणालो? शिपायाने हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही. गुडघ्याची तक्रार आजपासूनच सुरू करणार होतो. आता लगेच केली तर लोकांना संशय येईल.

२४ एप्रिल
रजेचा अर्ज टाकला. आमच्याकडे रजा मंजूर व्हायला महिना लागतो. तरी खबरदारी म्हणून अर्ज भंगाराच्या फायलीत सरकवला. तीस वर्षं रेकॉर्डला आहे, कागद कुठे ठेवला की सापडत नाही हे मला नाही तर कोणाला कळणार!

२५ एप्रिल
रजा मंजूर. साहेबांनी स्वतः फाईल उपसून अर्ज शोधला. शिवाय सगळ्यांनी मिळून एक सॅक दिली. नारिंगी. तिच्यावर माझं नाव शिवून घेतलंय, म्हणजे दुकानात परतही करता येणार नाही.
सौ.ला म्हणालो, की तुला काळजी वाटत असेल तर नाही जात. ती म्हणाली, जाऊन या. बायकोने अशा वेळी जरा अडवायला हवं.

९ मे, दुपारी ४
शेवटच्या मुक्कामी पोचलो. दगडी खोली, आठ खाटा, एक शेगडी, एक फोन. सगळा कारभार एक म्हातारी बघते, तिला सगळे मावशी म्हणतात. इथपर्यंत गाडी येते, पण गाडीचा प्रवाससुद्धा माणसाला थकवतो.
मावशींचा नियम असा. दाराशी रजिस्टर आहे. निघताना एका रकान्यात सही, परतल्यावर दुसऱ्यात. चार वाजता ज्याचा दुसरा रकाना रिकामा, त्याला शोधायला त्या दोन माणसं आणि दोर घेऊन निघतात. व्यवस्था चोख. आमच्या ऑफिसने शिकण्यासारखी.
सौ.ला फोन केला. उद्या तीनला करीन म्हणालो.

१० मे, सकाळी ६.१०
निघतोय. रजिस्टरवर सह्या केल्या. मावशींनी उत्तर धारेची वाट नीट समजावून सांगायला घेतली. मी म्हटलं, नकाशा पाठ आहे.

सकाळी ८.५०
अप्रतिम निर्मनुष्य वाट. सोबतीला एक काळी नळी आहे. आधीच्या कुठल्यातरी मोहिमेने मागे टाकलेली दिसते. लोकांना शिस्त नाही. पाचदा विश्रांती. सँडविचं संपली.

सकाळी १०.१५
फोटोसाठी एका कड्यावर चढलो. वर आमच्या ऑफिसच्या टेबलाएवढी जागा. फोटो छान. आता उतरतो.

सकाळी १०.४०
उतरण्याआधी थोडा विचार करतोय.

सकाळी ११.३०
चढताना ज्या दगडावर पाय ठेवला तो दगड सापडत नाही. खाली धुकं. किती खोल आहे कळत नाही. खडा टाकून पाहिला, पण नेमकी तेव्हाच शिंक आली. मोबाइलला रेंज नाही.

दुपारी १२.४५
घाबरण्याचं कारण नाही. चार वाजता मावशी रजिस्टर बघतील. रकाना रिकामा. दोर, दोन माणसं. मी शांतपणे त्यांची वाट बघत बसलेला असेन. ऑफिसात सांगताना ‘सुटका’ म्हणायचं नाही, ‘भेट’ म्हणायचं.

दुपारी १.०५
सह्या केल्या. सह्या. दोन.
ऑफिसात आल्याची आणि गेल्याची सही आम्ही सकाळीच एकदम उरकतो. सगळा सेक्शन तसंच करतो. हात आपोआप गेला. पुढे वेळही टाकली आहे, ३.३०. म्हणजे रजिस्टरप्रमाणे मी सुखरूप परतणार आहे.


दुपारी २.२०
ओरडलो. आवाज फुटला नाही. पुन्हा ओरडणार एवढ्यात खाली खडखड आणि धापा टाकल्याचा आवाज. अस्वल असणार. श्वास रोखून पालथा पडलो. ते बराच वेळ पाणी पीत होतं. मग गेलं. प्रसंगावधान राखलं म्हणून वाचलो.

दुपारी ४.००
कोणी येणार नाही. का येतील? माझी सही आहे. ठळक, खाली रेघ मारलेली.
सौ.ला कोण सांगणार? तिला बँकेचं काही ठाऊक नाही, गॅसवाल्याचा नंबर मात्र मला ठाऊक नाही. हे का लिहितोय कळत नाही. मला फार भीती वाटते आहे.

संध्याकाळी ५.४५, मावशींच्या खाटेवर
आलो. म्हणजे आणला गेलो.
मावशी दोर घेऊन आल्याच नाहीत. शिडी घेऊन आल्या, घरातली, पाच पायऱ्यांची. कडा माणसाच्या दीडपट उंच. उत्तर धार डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. मी गेलो ती मावशींची झऱ्याची वाट, ती काळी नळी फुटल्यापासून रोज दोनदा त्या बादल्या घेऊन जातात. आज दुपारीही गेल्या होत्या.
तीनला माझा फोन आला नाही, तेव्हा सौ.ने इथे केला. मावशींनी तिला काळजी करू नका म्हणून सांगितलं; साडेतीनला परतल्याची सही आहे. सौ.ने घड्याळ बघितलं, सव्वातीनच झाले होते. मग ती म्हणाली, की अहो, ते तीस वर्षं घरी निघायची सही सकाळी करतात, ताबडतोब शोधा. आणि फार वर जाऊ नका, ते जवळपासच असतील.
मावशींनी हे सगळं शिडी धरून, मी तिसऱ्या पायरीवर असताना सांगितलं.
मग मी सौ.ला फोन लावला. धुकं, कडा, अस्वल, सगळं क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. तिने फक्त काही खाल्लंत का एवढं विचारलं. तिचा आवाज बसलेला होता. मी म्हणालो, की मी खूप घाबरलो होतो. इतक्या वर्षांत असं काही तिला पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, मीसुद्धा. मावशींनी शेगडी बंद केली तरी आम्ही फोन ठेवला नव्हता.
उद्या सकाळी गाडी. गाडी उभी राहते ती जागा दारातून दिसते, सरळ शंभर पावलं. तिथपर्यंत मावशी सोबत येणार आहेत. मीच विचारलं.