समुद्राचा प्रश्न, मुक्काम घाटंजी

३ सप्टेंबर २००६, रविवार
पेपरात मोठा लेख. किनाऱ्याजवळच्या समुद्रात ऑक्सिजन कमी पडतोय, मासे गुदमरताहेत. माणसाने मध्ये पडून तो भरून काढावा की निसर्गावर सोडून द्यावं, यावर परदेशी शास्त्रज्ञांचा वाद चाललाय. एवढे शिकलेले लोक आणि एक निर्णय होत नाही. मी चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. एक फाइल तीन दिवसांच्या वर माझ्या टेबलावर राहिली नाही. पुढच्या टेबलावर गेली.
लेख अर्धा वाचला, कात्रण फायलीला लावलं. कारणांचा भाग लांबलचक होता, तो सोडला. कारणं शोधणं हे कमिटीवाल्यांचं काम. कापूस बुडाल्यापासून जिल्ह्यात दर महिन्याला एक कमिटी येते, कारणं शोधते आणि जेवून जाते.
संकल्प: या विषयावर निबंध लिहून २ ऑक्टोबरला वाचनालयात वाचायचा.

५ सप्टेंबर
निबंधाचं शीर्षक झालं: 'समुद्राचा श्वास आणि मानवाचं कर्तव्य'. सुनीतीने विचारलं, तुम्ही समुद्र पाहिलाय कधी? पाहिलाय. १९८१ साली, बसमधून. तेव्हा ही शेजारीच बसली होती, तरी विचारते.

८ सप्टेंबर
कापूस वेचणारी इंदूबाई आली. गावाबाहेरचा लहान तलाव तिच्या बायकांच्या गटाने मासे पाळायला घेतलाय. अर्ज मीच लिहून दिला होता. यंदा आपल्याकडे वेचायला कापूस नाही, म्हणून हा उद्योग. म्हणे, काका, मासोया सकायी वरते येऊन तोंड वासून राह्यल्या. ह्या गेल्या तं मले जमनीची शाळा सोडवून आदिलाबादकडं वेचणीले जा लागते.
जमनी तिची मुलगी, आठवीत आहे. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. समुद्राचा प्रश्न घरी चालून आला.

९ सप्टेंबर
तलावावर गेलो. अय्यूब मिस्त्री आधीच हजर. पंप दुरुस्त करतो, एवढंच शिक्षण. म्हणे, काका, माह्यं डिझेल इंजन लावतो, पाणी वरते फेकतो, पडतानी ते हवा घेऊनच पडते. आन् काही दिवस पाण्यात काहीच टाकू नोका.
हा उपाय! त्याला सांगितलं, हा विज्ञानाचा विषय आहे. तो बरं म्हणाला आणि पान्हा पुसत बसला. अशा लोकांशी वाद घालता येत नाही, कारण ते वाद घालतच नाहीत.

११ सप्टेंबर
प्रश्न सुटला! वनस्पती ऑक्सिजन देतात, हे शाळेत शिकलोय. म्हणजे पाणी हिरवं केलं की काम झालं. आणि हिरवं कसं करायचं ते आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. कापसाची पराटी पिवळी पडली की युरिया. बटईने, वाट्यावर दिलेल्या शेतातून उरलेल्या दोन बॅगा घरात पडून आहेत. शास्त्रज्ञांना हे सुचलं नाही, कारण त्यांनी पराटी पाहिलेली नाही.
इंदूबाईने दोनदा विचारलं, काका, नक्की ना? दोन्ही वेळा हो म्हटलं.

१२ सप्टेंबर
दोन्ही बॅगा टाकल्या. अय्यूब इंजन दाखवायला आला होता, त्याला परत पाठवलं.  

१९ सप्टेंबर
पाणी हिरवंगार. दुपारी एकही मासा तोंड वासून वर नाही. इंदूबाई पाया पडली. मी नको नको म्हटलं, पण तोवर तिचं झालं होतं. निबंधात नवीन प्रकरण घातलं. परदेशात पत्र पाठवावं म्हणतो. इंग्रजी कोणाकडून तरी तपासून घ्यावं लागेल.

२३ सप्टेंबर, घटस्थापना
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला तलावावर जाऊन निरीक्षण. खरा अभ्यास पहाटेच होतो.

२४ सप्टेंबर
उठलो नाही. मासे दुपारीही दिसतात.

२७ सप्टेंबर
तीन दिवस आभाळ, ऊन नाही. इंदूबाई म्हणे, पाण्याले वास सुटला, हिरवं होतं ते पिवयं पडून राह्यलं. पिवळं म्हणजे डोस कमी पडला. ती गेल्यावर, अजून एक बॅग विकत आणून टाका, असा तिच्यासाठी निरोप सुनीतीकडे दिला.

२८ सप्टेंबर, सकाळी ११
मासे मेले. निम्मे तरी गेले. काठाला पांढरी पोटं लागली आहेत.
पहाटेच इंदूबाईने अय्यूबला बोलावलं. तो सहरी उरकून इंजन घेऊन आला. रोजा आहे, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि इंजन बंद पडलं की पुन्हा हँडल मारतोय. बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून वाळक्या पराट्यांनी पाणी झोडपत होत्या. सुनीतीही त्यांच्यात, नवरात्राच्या उपासात, पदर खोचून. कालचा माझा निरोप तिने दिलाच नव्हता.
मला कोणी उठवलं नाही. मार्गदर्शनाशिवाय काम केलं की निम्मेच वाचतात.

२९ सप्टेंबर
सुनीतीने फायलीतलं कात्रण काढलं आणि मी सोडलेला भाग मोठ्याने वाचला. शेतातलं खत वाहून समुद्रात जातं. पाणी हिरवं होतं. ती हिरवळ अंधारात ऑक्सिजन ओढते, मरते, कुजते आणि उरलेलाही खाते. एक शास्त्रज्ञ म्हणतो, मशिनं लावायची तर लावा, पण आधी टाकणं थांबवा.
म्हणजे अय्यूबचंच म्हणणं, फक्त परदेशातून आलेलं.
मी म्हटलं, हे समुद्राबद्दल आहे. ती हो म्हणाली आणि भगर शिजवायला गेली.

२ ऑक्टोबर
वाचनालयात निबंध वाचला. चार श्रोते, त्यातले दोन पेपर वाचायला आलेले. युरियाचं प्रकरण गाळलं. वेळ कमी होता. नंतर पाऊण तास रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिलो.

२७ ऑक्टोबर
उरलेल्या मासोळीवर एवढ्या बायकांचं भागणार नाही. इंदूबाई आज पहाटे आदिलाबादच्या गाडीत बसली. जमनीही गेली. तिचं दप्तर आमच्याकडे ठेवलंय. सुनीतीने ते कपाटात माझ्या फायलींच्या जागी ठेवलं, मी फायली पलंगाखाली सरकवल्या.
जाताना इंदूबाईने तलाव राखायचं काम मला दिलं. जबाबदारीचं काम जबाबदार माणसालाच देतात. म्हणाली, काका, सकायी तीन घंटे काठावर बसजा. फक्त बसजा. मासोया वरते आल्या तं अय्यूबभाऊले हाक मारजा. तुमी काही करू नोका.
सहा ते नऊ बसलो. काही केलं नाही. अय्यूबने चहा आणून दिला.
छातीत दिवसभर जड वाटतंय. ॲसिडिटी असावी.
सुनीती जमनीच्या दप्तराकडे बघत म्हणाली, ॲसिडिटी नाही.