बाबांच्या तिथीचं पान

ता. ३० सप्टेंबर १८७७, कल्याण
आज बाबांची तिथी. गावी जायला सुट्टी मिळेना, म्हणून पान इथंच वाढलं. खीर, वडे, पुऱ्या, वर तूप. धर्मशाळेबाहेर दुष्काळातली माणसं पडून असतात, माळशेज उतरून आलेली. त्यातल्या सगळ्यात वाळलेल्याला बसवलं. धोंडीबा, जुन्नरकडचा. बायको गोदा शेजारी. ती स्वतःला पान नको म्हणाली. मालधक्क्यावरचे आमचे हमाल बघत होते, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "पोटभर जेव, अजून आहे." तीनदा वाढलं. सगळे म्हणाले, दगडू, बापाचं नाव काढलंस. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ता. १ ऑक्टोबर
धोंडीबा पहाटे गेला. पोट धरून तळमळत होता म्हणे.

ता. २ ऑक्टोबर
सगुणाबाई मिठागरावर काम करते, सांजेला धर्मशाळेमागं पेज शिजवून या लोकांना वाटते. तिला विचारलं, माझ्यामुळं गेला का? ती चूल फुंकत होती.
"दोन महिन्यांच्या उपाशी माणसाला तूप घातलंस? वाटीभर पातळ पेज द्यायची, थांबायचं, मग परत वाटीभर. मला विचारायचंस तरी."
मग म्हणाली, "पण पेज वाढताना बघायला कोण येतंय रे."
मान वर करवली नाही. मी बाबांसाठी वाढलंच नव्हतं — हमालांसाठी वाढलं होतं.

ता. ५ ऑक्टोबर
आज सगुणाबाईला आधी विचारलं, काय आणू? वाटलं तांदूळ म्हणेल.
"तांदूळ आहे. सरपण संपलंय."
सरपण! ते आणून कुणाचं नाव निघतं? दोन मोळ्या टाकल्या. कुणाला सांगितलं नाही. इथं लिहितोय, म्हणजे सांगितलंच की.

ता. ७ ऑक्टोबर
पेज वाढत होतो. रांगेत गोदा. माझ्या पायाशी वाकली. "दादा, धन्याच्या तोंडी शेवटचं गोड तुझ्या हातचं पडलं. देव तुझं भलं करो."
पळी सगुणाबाईच्या हातात देऊन निघून आलो. जेवलो नाही.

ता. ८ ऑक्टोबर
गोदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. सासरे घाटात असेच गेले, कुणी पोटभर जेवू घातल्यावर. पण धनी हसत होते रे दादा. त्यांचा हात धरवेना."