वरातीची घोडी लढाईत

९ जानेवारी
आमच्या पांढऱ्या चांदनीला आज काळी केली. केसाचा रंग, बादलीभर. नाकाजवळ कुनाला हात लावू देईना, तिथं मीच लावला. पिक्चरमदी पांढरे घोडे राजाच्या फौजेला, काळे दुश्मनाला, असं वरून ठरलंय. घोड्याचं सगळं मास्तर बगतो. तो म्हनला, पांढरे लई झालेत, काळे कमी पडतेत.
मला बी हिरवा झगा न दाढी दिली. कपडेवाल्यानं नाव इचारलं. सलीम म्हनलो, की त्याचा हात सरळ हिरव्या ढिगात. माझ्या आज्याचा आजा सिरसाळ्याच्या पाटलासंगं घोड्यावर लढाईला गेलता म्हनतेत. हे हैदराबादच्या स्टुडिओत कुनाला सांगायचं.
अब्बाचा फोन. घोडी काय खाती, पानी कुठलं, झोपती का. माझं काय इचारलं न्हाई. म्हनला, उन्हाळ्याच्या लग्नाला परत आन.

१३ जानेवारी
बारूद उडाली तशी बाकीची घोडी उधळली, मानसं पाडली. चांदनी हुबी. तिला काय त्याचं? एवढी वर्सं वरातीत बँडम्होरं, फटाक्याच्या लडीत हुबी राह्यलीय, कान हलवत न्हाई. अब्बानं तेच शिकवलंय तिला. काई झालं तरी नवरदेव पडला न्हाई पायजे.
डायरेक्टर माइकवरून वरडला, ती काळी पडत का न्हाई, पाडा तिला.
मंग पुढच्या पायाला बारीक तार बांधली. मास्तर म्हनला, तू समोर थांब, हाक मार, तुज्याकडं पळत यील.
थांबलो. हाक मारली. आली.
पुढचं लिहू वाटंना.

१४ जानेवारी
डाव्या पुढच्या पायाची शीर गेली. डॉक्टर म्हनला, जगंल, पन पाठीवर मानूस न्हाई घेनार. मास्तर कागद घिऊन आला, सही कर, आमी बगतो तिचं काय ते. न्हाई म्हनलो. इथंच शेडात ठेवा, बाकीच्यांची लीद काढतो. बरं म्हनला.
अब्बाला सांगितलं लचकली. किती लचकली ते…

२२ एप्रिल
लगनसराई चाललीय. अब्बा तिकडं लोकाला कारनं सांगतोय. चांदनी चालती, पाय वढीत. रंग उतरला, आयाळीत मात्र अजून काळा हाय. रोज घासतो, निगत न्हाई.

२ नोव्हेंबर
दत्ताचा फोन. शाळेपासनंचा दोस्त, त्याच्या लग्नात आमचीच चांदनी हुती.
"सल्या, सात तारखेला टेंपो भरून चाललो बे परळीला, पिक्चरला! समद्यांनी फेटे काढून ठेवलेत. अब्बाला माझ्या बाजूला बसवतो. घोडी राजाखाली हाय का त्या हिरोखाली?"
"बग की जाऊन."
"तसं न्हाई, शिट्टी कवा मारायची ते सांग."
गावातले निम्मे नवरे तिच्यावर बसलेत. त्यांना राजा बगायचा न्हाई, चांदनी बगायचीय. काळी केलीय एवढं तरी सांगायला पायजे हुतं. जीभ रेटली न्हाई.
तुळशीच्या लग्नानंतर दत्ताच्या धाकट्या भावाची वरात. अब्बानं शब्द दिलाय, चांदनीच येनार.

७ नोव्हेंबर
इथल्या टॉकीजला पिक्चर बगितला. पहिला अर्धा घंटा लोक वरडत हुते. मंग शांत. मंग मोबाईल निगाले. लढाई चालू न शेजारचा गडी मोबाईलवर क्रिकेट बगतोय.
आमची चाळीसेक घोडी. कंपुटरवर हजार केली. पन हजारांचा पाय एकदमच पडतो. धूळ उडती, वजन न्हाई. घोडं फेसाळत न्हाई, मानूस दमत न्हाई, कुनी भाकर खात न्हाई. राजा नुस्ता बोलतो, मागं ढग पळतेत. कशासाठी लढतेत तेच कळंना. गाव जळतं, पन गावात मानूस दिसत न्हाई. मी दोन डाव मेलो, दोनी डाव मलाच कळलं न्हाई.
एकच खरं हुतं त्यात. चांदनी पडती ते. ते कंपुटरला जमलं नसतं. हळू करून तीन डाव दाखवलंय.
मी खाली बगितलं.

८ नोव्हेंबर
दत्ताला मीच फोन लावला. "कसा वाटला?"
"काय न्हाई बे. इंटरवलला निम्मी पोरं बाहेर, भजे खात बसली. परत आत गेलीच न्हाईत. तात्या म्हनला, यापेक्षा जत्रंतला तमाशा बरा, त्यात गडी घाम तरी गाळतो. न तुजी घोडी कुटंय? पांढरं दिसलं की पोरं चांदनी चांदनी करायची, एक बी तिच्यावानी चालंना."
"न्हाई दिसली?"
"न्हाई. एक काळी घोडी आपटली तवा तेवडी मजा आली. समद्यांनी शिट्ट्या मारल्या."
"तू बी?"
"मी बी. का?"
मंग तोच हळू म्हनला, "तवा अब्बा उटून बाहेर गेले. मला वाटलं लघवीला."

९ नोव्हेंबर
अब्बाचा फोन. सलाम न्हाई, काय न्हाई.
"काली कायकू करे उसको?"
"सगळेच करतेत अब्बा इथं."
मंग म्हनला, "ऐसा सर उठाको वो हरेक के तरफ नै दौडती. सामने कौन था?"
मी म्हनलो, आवाज येईना. 
येत हुता.

१२ नोव्हेंबर
अब्बा आला. दत्ताच टेंपो घिऊन आला. गेटवर मास्तरनं कटकट केली न्हाई, खाली करा शेड म्हनला.
अब्बा घोडीजवळ बसला. गुडघ्यापासनं खुरापर्यंत हात फिरवला, परत वर. तिनं त्याच्या टोपीत नाक घातलं. दत्ता दारातच. आत यीना. माझ्याकडं न बगता म्हनला, "भावाला जीपमधनं काढतो वरात. अब्बाला तेवडं सांग, शब्दाचं काय न्हाई म्हनावं."
"तूच सांग की. हितंच हायेत."
"मला न्हाई सांगता येत बे. शिट्टी मारलीय मी."
मी आत गेलो. म्हनलो, अब्बा, समोर मीच हुतो. हाक बी मीच मारली.
अब्बा "हौ" म्हनला. पाऊस पडला सांगितल्यावर म्हनतो, तसा. हात पायावरच.
दुपारी फळ्या टाकून घोडी चढवली. तिसऱ्यांदा चढली. खाली वाळल्या पाल्याचं चगाळ टाकलं, दोन्ही बाजूला पोती लावली. अब्बा पुढं जाऊन बसला, खिडकीकडं. दत्ताच्या न त्याच्या मदी एक जागा हाय. ये म्हनला न्हाई. नको बी म्हनला न्हाई.
आता टेंपो डिझेल भरायला गेलाय. इकडूनच परत जानार, रस्ता एकच हाय. मी गेटच्या कडंला बसून लिहितोय. पिशवी भरलीय. मास्तरनं उद्याच्या शूटिंगला माझं नाव धरलंय.
हॉर्न वाजला. वळनावर दिसतोय. दत्तानं वेग कमी केला का, हितनं कळंना.