उघडं फोल्डर

बाबा, तुम्ही गेल्यावर आपल्याकडे इंटरनेट आलं. कळमनुरीत बसस्टँडजवळ नेट कॅफे निघाला, आणि तिथं बसून मी ती जुनी मालिका शोधायची. तिचं शूटिंग जवळा बाजारच्या आठवडी बाजारात झालं होतं, आणि विजेची लाइन जोडून द्यायला गेलेले तुम्हीही एका भागात आला होतात. एका दुपारी एक पान उघडलं. चित्र नाही, रंग नाही, मालकाचं नाव नाही. पांढऱ्यावर नुसत्या फायलींच्या ओळी. कुणाच्या तरी दूरच्या कॉम्प्युटरचं फोल्डर उघडं राहिलं होतं. भर उन्हात घराची सगळी दारं सताड उघडी असावीत आणि हाक मारली तर आत कुणीच नसावं, तसं वाटलं. त्या ओळींत आपली मालिका होती.

कॅफेवाल्याला विचारलं, हे सीडीवर घेतलं तर कायद्यात बसतं का? तो हसला. "ताई, कुलूप हाय का त्याला? न्हाई ना? मग काहून घाबरून राहिल्या?" मला तुमची आठवण झाली. तुमचा तो भाग टीव्हीवर लागणार होता त्या संध्याकाळी आपल्या गल्लीची लाइन गेली होती. काकांनी पलीकडच्या तारेवर आकडा टाकून टीव्ही सुरू केला, शेजारी जमले, आणि लाइनमन तुम्हीच, तुम्ही बांबूनं तो आकडा काढलात. काका चिडले, "अरे, तुझंच तोंड बघायला बसलेत समदे!" तुम्ही म्हणालात, "माझं तोंड बघायला मीच चोरी करू व्हय? तार उघडी हाय म्हणून वीज आपली न्हाई." तो भाग आपण कुणीच पाहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही खांबावर चढलात, ते जिवंत उतरला नाहीत.

मी फाइल घेतली नाही, आईलाच कॅफेत नेलं. पडद्यावर बाजार भरलेला आहे. कापसाच्या गाड्यांमधून तुम्ही येता, खाकी शर्ट, हातात पक्कड. आई चटकन पदर डोक्यावर घेते आणि खुर्चीवरून उठते. तुम्ही मान वळवून थेट आमच्याकडे बघता. "या," आई रोजच्यासारखी म्हणते, "ताट झाकून ठेवलंय." आणि बाबा, तुम्ही येता. जवळ, अजून जवळ, शर्टानं सगळा पडदा भरेपर्यंत. मग दुसरं दृश्य लागतं, त्यात तुम्ही नसता. आई उभीच. "हे घरी घे बाई. मी रोज बोलावीन त्यायला."

"न्हाई आई, बाबांना चाललं नसतं," मी म्हटलं. काही दिवसांनी त्या पानावर 'परवानगी नाही' एवढीच ओळ उरली. आई अजून विचारते, उघडलं का गं ते? मी तुमचा शब्द पुढे करते.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. नंतरही फाइल न घेण्याचं खरं कारण तुमचा शब्द नव्हता, बाबा. त्याच दिवशी आईला घरी सोडून मी एकटी कॅफेत परत गेले होते आणि तो भाग पुन्हा लावला होता. तुम्ही मान वळवलीत. मी ओठ घट्ट मिटून बसले, 'या' म्हटलं नाही. तरी तुम्ही चालत आलात, आणि मी खुर्ची मागे ओढून तुमच्यापासून लांब सरकले.