शेवट एक, अर्थ भलतेच

भुईगाव, शुक्रवार, १२ जानेवारी १९५१

दिवसभर उन्हात केळी वाळवून त्यांची सुकेळी करताना नात सुमीचे इंग्रजी शब्द ऐकले. इंग्रजीत लिहिले की सगळे पाच पाच अक्षरांचे, सगळ्यांचा शेवट एकच. लाइट म्हणजे उजेड, नाइट म्हणजे रात्र, फाइट म्हणजे मारामारी, माइट म्हणजे ताकद. एका घरातल्या सुनाच जशा, आडनाव एक आणि तोंडं चार दिशांना. उजेडाला आणि रात्रीला एकच शेपूट? का बरं असं करत असतील ते लोक?

माझा मुलगा दामू कालपासून हटून बसलाय, शब्द आले नाहीत तर पोरीची शाळा बंद. त्याला स्वतःला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही! संध्याकाळी मी चटईवर सुकेळी पानात बांधत होते, तेव्हा त्याने तिला समोर उभी केली. माइटला सुमी अडली. माझ्याकडे बघितलं आणि बेधडक म्हणाली, "माइट म्हणजे चटई."

"आई, बरोबर का गं?"

"मला काय विचारतोस? मी मास्तरीण आहे?"

"बरं. जा उद्या शाळेत."

माइट म्हणजे ताकद. वीसदा ऐकलंय मी. तरी पुढचं पान बांधायला घेतलं.

मग सुमीला आत नेऊन कान पिळला. "चटई कुठून आणलीस गं?"

"तू बसली होतीस ना, आजी."

कान सोडला. म्हटलं, उद्यापासून नवे शब्द आधी मला शिकवायचे. तू अडलीस तर घरात एकीला तरी खरा अर्थ ठाऊक हवा.