पुष्पांजलीच्या बाजूचं दार

२ मे, सकाळी
पेंटरनं गाडी रंगवली, पण गाडीच्या अंगावरून काढलेल्या चमकपट्ट्या पोत्यात कोंबून आणल्या. कोणती कुठली, एकीवरही लिहिलं नाई. असो. राम राम, वही.
गाडी यांची. जुनी अँबेसिडर. यांनी मले जन्मात नीट हाक मारली नाई, पण गाडी रोज पुसली. हे वारल्यापासून दुपारी मागच्या शिटावर मी टेकते. घरात तेवढ्याच जागी कोणी हाक मारत नाई.
गणेश, माहा पोरगा, म्हणे, माय, पुष्पांजली या गाडीतून देऊळगाव राजाले मांडवात गेली अन् हसं झालं नाई, तं गाडी ठेवतो. नाई तं भंगारात. पट्ट्या लावाले सहदेव मिस्त्रीले बोलावतो म्हणे. म्हटलं, काऊन? नात माही, पट्ट्या मीच लावीन.

३ मे
डाव्या पट्ट्यांले हळद लावली, उजव्यांले कुंकू. सहदेव म्हणे, काकू, नंबर टाका. लग्नघरात नंबर टाकते का कोणी.

५ मे
पट्ट्या काळवंडल्या होत्या. चिंच अन् राख घेऊन तांब्याच्या गुंडावाणी घासल्या. आरसा झाल्या. हळदकुंकूही गेलं. चिंच शेजारच्या विमलबाईची, तिच्यावाणीच आंबट. माहा दोष नाई. कोणती पट्टी कुठली, मले सारं तोंडपाठ हाये.

६ मे, दुपारी
दोन पट्ट्या बसल्या. पट्टी अडकवाच्या सहा किलिपा तुटल्या. आजकालचं लोखंड म्हणजे बिस्कीट.
सहदेव फाटकातून म्हणे, काकू, ती मडगार्डची हाये, दारावर काऊन? म्हटलं, आपलं काम पाह्य बे.
किलिपांचा नाद सोडला. सायकलच्या पंचरचं सोल्युशन आणलं.

७ मे
साऱ्या चिकटल्या. डावीकडची लांब पट्टी मागच्या दारावरून पार डिक्कीपर्यंत गेली. झ्याक दिसते. तिले मजबुतीसाठी चार स्क्रू मारले. दार उघडून पाह्यलं नाई. केलेल्या कामावर भरोसा पाह्यजे.

१० मे
लग्न लागलं.
जाताना हिवरा आश्रम गाव मागं पडलं, ऊन चढलं, सोल्युशन सुटलं. पट्ट्या एकेक गळाल्या. मागच्या टेम्पोतल्या वऱ्हाडानं इमानदारीनं वेचल्या अन् कोण्या शहाण्यानं रुखवतात मांडल्या, चकल्यांच्या बाजूले. व्याही इचारे, हा जिन्नस कशाचा.
स्क्रूची पट्टी हलली नाई. दारही हललं नाई. ओवाळणाऱ्या बाया डावीकडं उभ्या, डावीकडं बसलेली नवरी उजवीकडून उतरली. बायांनी ताटं घेऊन गाडीले प्रदक्षिणा घातली. पुष्पांजली हसली. बँडवालेही हसले. गणेश नाई हसला.

११ मे
उद्या भंगारवाला येणार हाये. सहदेव म्हणे, काकू, मी अर्ध्या दिवसात लावून देल्या असत्या. आता अक्कल सुचली त्याले.
उद्या सकाळपासूनच मी मागच्या शिटावर बसते, डाव्या अंगाले. तिकडचं दार पेचकसाबिगर उघडत नाई. याले म्हणते पक्कं काम. उजवं आतून लावून घेईन.
भंगारवाल्यानं हाक मारली तं मी ओ देणार नाई. बोलावलं गणेशनं, ओ त्यानंच द्यावी.