बाहेरचा कप्पा

बुधवार, तारीख एकोणीस

चि. विसरभोळ्यास, आजीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत. शेजारची मास्तरीण रोज विचारते, नातू सुट्टीवर गेलाय का. म्हटलं, बहिणीकडे गेलाय, तुझ्या का पोटात दुखतंय? माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षर लावून वाच.

तू गेल्यावर तुझे साहेब येऊन गेले. तुझं कपाट उलटंपालटं केलं आणि जाताना म्हणाले, "आजी, नातू हुशार आहे तुमचा. आपणच आग लावायची आणि आपणच बोंब मारायची." म्हणजे त्यांच्या मते पाणीकेंद्राच्या कॉम्प्युटरात कीड तूच सोडलीस, आणि शाबासकीसाठी तूच पकडून दिलीस.

त्या दिवशी केंद्रातल्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं, तरी तू नेहमीसारखं ग्लासात पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या औषधाचा थेंब टाकून पाहिलंस. फिकट पिवळं व्हायचं ते पाणी गडद नारिंगी झालं. क्लोरीन भलतंच पडत होतं. तू पळत जाऊन हाताने व्हॉल्व्ह बंद केलास, म्हणून शहरात एकाच्याही पोटात दुखलं नाही. हे सगळं मला साहेबांना सुनावायचं होतं. पण जीभ उचलेना. माझी जीभ, बरं का.

इथवर लिहून उठले होते. डबे घासले, खिडकी पुसली. घासलेलेच डबे पुन्हा घासायला लागले तेव्हा मुकाट्याने येऊन बसले.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. तू किल्ल्या, पेनं, बटणं सांडत फिरतोस. मी झाडताना उचलते आणि तुझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकते. तू विचारत नाहीस, मी सांगत नाही. त्या सोमवारी फाटकाशी एक पेनड्राइव्ह पडला होता. त्याच्यावर पाण्याचा थेंब काढलेला, तुझ्या कामाच्या शर्टावर आहे तोच. म्हटलं, सांडला बाबाने. टाकला कप्प्यात.

तू तो केंद्राचाच समजून, न तपासता तिथल्या कॉम्प्युटरला लावलास. तो गाढवपणा तुझा. मग बोभाटा झाला, आणि त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, "आजी, हा तू ठेवलास का पिशवीत?"

मी नाही म्हटलं.

पोलिसांचं नाव ऐकून भ्यायले. एवढंच. वाटलं, तू शिकलेला आहेस, सुटशील कसाही. तू पुन्हा विचारलं नाहीस. कपडे भरलेस आणि बहिणीकडे निघालास. तुला कळलं होतं, असं मला वाटतं.

काल चौकशीच्या कचेरीत गेले. तिथली बाई तुझ्याहून लहान, पण ऐकून घेणारी. म्हणाली, केंद्रावरच्या माणसांच्या दारात अशी वस्तू मुद्दाम टाकतात, ओळखीचं चित्र काढून. कोणीतरी उचलतंच. म्हणजे परक्या चोराने कुलूप फोडलंच नाही, किल्ली माझ्या हातात दिली.

तिने जबाब वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, वयामुळे नीट आठवत नाही. मी ते खोडायला लावलं. म्हटलं, "सगळं आठवतंय. नातवाने विचारलं आणि मी खोटं बोलले, तेही लिही." तिने लिहिलं. मी खाली सही केली, अंगठा नाही. तुला कामावर परत घेतील का, ते तिला सांगता येईना. तो पेनड्राइव्ह कोणी टाकला ते कळावं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा बघणार आहेत.

तू ये म्हणून हे लिहीत नाही. आलास तर जागा आहे, नाही आलास तर बहिणीला त्रास देऊ नकोस.

आज झाडताना एक निळं बटण सापडलं. खिडकीत ठेवलंय, पिशवीत नाही. तुझं आहे का ते तूच बघ. मी विचारल्याशिवाय आता काही ठेवणार नाही, आणि तू विचारलंस तर खरं सांगेन.

तुला नाही म्हणालेली,
तुझी आजी